कज्जली, क्वांटम डॉट आणि पुरावा

धातू आणि गंधक यांची संयुगं, म्हणजे सल्फाइडं, औषधात कशी आली, त्याचा इतिहास आज थोडक्यात पाहू. तो पाहताना एक प्रश्न समोर ठेवू: औषध ‘नॅनो’ आहे, एवढ्यावरून ते गुणकारी ठरतं का?

सुरुवात खलापासून. रसशास्त्रात शुद्ध पारा आणि शुद्ध गंधक एकत्र घोटतात. पाऱ्याची चमक पार नाहीशी होऊन काजळासारखी पूड झाली, की ती कज्जली. म्हणजे मर्क्युरी सल्फाइड. ती कापडमाती केलेल्या काचकुपीत भरून वालुकायंत्रात तापवली, की कुपीच्या गळ्याशी तांबडा रससिंदूर जमतो. संयुग तेच, स्फटिकरचना वेगळी. भस्माची परीक्षाही ठरलेली: ते बोटांच्या रेषांत शिरलं पाहिजे, पाण्यावर तरंगलं पाहिजे. साताऱ्याच्या आर्यांग्ल वैद्यक महाविद्यालयाच्या नावातच दोन वैद्यकं शेजारी बसली आहेत. आपला प्रश्न नेमका त्या दोघांच्या मधला आहे.

आता दुसरी वाट. सातारा-सांगलीची बहुतेक महाविद्यालयं ज्याच्याशी जोडली गेली, ते कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ १९६२ साली स्थापन झालं. तिथल्या पदार्थविज्ञान विभागात सल्फाइडांचे पातळ थर बनवण्याचं मोठं काम झालं. कॅडमियमचा क्षार, अमोनिया, थायोयुरिया, बीकर आणि काचपट्टी. महागडी निर्वात यंत्रणा लागत नाही. या पद्धतीवरचा माने आणि लोखंडे यांचा आढावा २००० साली प्रसिद्ध झाला. तिथं डोळ्यांसमोर सौरघट होते, औषध नव्हे.

औषधाकडे वळण बाहेर मिळालं. कॅडमियम सल्फाइडचा कण पुरेसा लहान केला की त्याचे प्रकाशगुण बदलतात, हे १९८३ साली अमेरिकेत लुई ब्रूस यांनी दाखवलं; २०२३ च्या नोबेलमध्ये ते वाटेकरी होते. १९९८ मध्ये असे कण पेशी उजळवायला वापरले गेले. लगेच प्रश्न आला: शरीरात कॅडमियमचं काय होतं? म्हणून संशोधक चांदी आणि तांब्याच्या सल्फाइडांकडेही वळले.

रससिंदूर क्ष-किरणांनी तपासला, तेव्हा त्यातही नॅनोमीटरच्या मापाचे स्फटिक आढळले. मग काही जण म्हणू लागले, ‘बघा, सिद्ध झालं!’ काय सिद्ध झालं? कण बारीक आहे, तो शरीरात कुठं जातो, आणि रोग बरा होतो, ही तीन वेगळी विधानं आहेत. मोजमापानं त्यातलं पहिलंच सिद्ध झालं. आपले नैयायिक विचारतील, व्याप्ती कुठंय? धूर तिथं अग्नी, हे ठीक. पण सूक्ष्मता तिथं गुण, असं नाही. चुलीच्या काजळीतही नॅनोकण असतात.

आणि हा नुसता पुस्तकी वाद नव्हे. कज्जलीयुक्त गोळ्या आजही लोक घेतात. घोटण्यात कसूर होऊन पारा मोकळा राहिला, तर मूत्रपिंडाला धोका असतो. कॅडमियमला जो प्रश्न विचारला, तोच पाऱ्यालाही विचारायचा. त्यात परंपरेचा अपमान नाही. रेषांत शिरण्याची कसोटी लावणाऱ्या वैद्यांनीही शब्दावर विश्वास ठेवला नव्हता, तपासून पाहिलं होतं. आपण ती तपासणी रोग्याच्या रक्तापर्यंत न्यायची, एवढंच.