अठ्ठेचाळीस पत्ते : जपानी म्हणी आणि एदोचे लोकजीवन

जपानी भाषेत म्हणीला 'कोतोवाझा' असा शब्द आहे. 'कोतो' म्हणजे शब्द आणि 'वाझा' म्हणजे कृती. हा शब्द फार जुना असून इ. स. ७१२ मध्ये सिद्ध झालेल्या 'कोजिकी' या ग्रंथातही तो आढळतो. स्वर्गातील देवांनी पृथ्वीवर पाठवलेला एक दूत आठ वर्षे उलटली तरी निरोप धाडत नाही, म्हणून त्याची चौकशी करण्यास एका रानकोंबडीला पाठवले जाते, आणि तो दूत तिलाच बाण मारून ठार करतो. 'रानकोंबडीची एकमार्गी दूतकी' या म्हणीचे मूळ हेच, असे ग्रंथकार सांगतो. म्हणजे म्हण आधीच लोकांच्या तोंडी होती आणि तिचे कूळ शोधण्याची हौस आठव्या शतकाइतकी जुनी आहे.

पुढील काळात जपानी म्हणींच्या साठ्यात दोन मोठे प्रवाह येऊन मिळाले. एक चिनी अभिजात ग्रंथांचा व दुसरा बौद्ध ग्रंथांचा. विहिरीतल्या बेडकाला महासागर ठाऊक नसतो, ही जपानी म्हण 'च्वांग्-त्स' या चिनी ग्रंथातून आली. आपल्याकडील कूपमंडूकाशी तिचे साम्य पाहताच डोळ्यांत भरते. 'धूळ साठली की डोंगर होतो' या म्हणीचे मूळ मात्र नागार्जुनाच्या नावावर मोडणाऱ्या एका प्रज्ञापारमिता-टीकेत दाखवले जाते. या टीकेचे चिनी भाषांतर पाचव्या शतकाच्या प्रारंभी कुमारजीवाने केले आणि चिनी रूपातच ती जपानात पोहोचली. 'थेंबे थेंबे तळे साचे' म्हणणाऱ्या मराठी वाचकाला तिचा आशय परका वाटणार नाही.

तथापि एखाद्या समाजाच्या म्हणी त्याच्या नित्य व्यवहारात कशा वावरत होत्या, हे जाणण्यास संग्रहग्रंथांपेक्षा एक खेळ अधिक उपयोगी पडतो. तो म्हणजे 'इरोहा कारुता'.

'कारुता' हा शब्दच मुळी पोर्तुगीज आहे. 'कार्ता' म्हणजे पत्ता. सोळाव्या शतकाच्या मध्यास पोर्तुगीज जहाजांबरोबर पत्ते जपानात आले आणि नावही तेच रुजले. या वाटेवर गोवा हा मोठा मुक्काम होता. फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये गोव्याहूनच निघून कागोशिमास पोहोचला. जेझुइटांचे छापयंत्रही जपानात जाताना गोव्यात थांबले होते. युरोपहून परतणाऱ्या जपानी तरुणांपैकी हारा मार्तिनो याने गोव्यात १५८७ मध्ये केलेले लॅटिन भाषण त्याच यंत्रावर १५८८ साली तेथे छापले गेले. पुढे जपानात पोहोचल्यावर या यंत्राने १५९३ मध्ये आमाकुसा येथे इसापनीती आणि तिच्यासोबत चिनी सुभाषितांचा 'किंकुश्यू' हा संग्रह रोमन लिपीत छापला. परभाषा शिकायची तर तिची सुवचने आधी हाती घ्यावीत, हे त्या धर्मोपदेशकांनी नेमके हेरले होते.

इरोहा हे जपानी वर्णमालेचे जुने अनुक्रमनाम. सत्तेचाळीस अक्षरे प्रत्येकी एकदाच योजून रचलेल्या एका हेयान-कालीन पद्याचे हे आरंभीचे वर्ण आहेत. ते कूकाई (७७४–८३५) या बौद्ध आचार्याने रचले असे परंपरा मानते. आधुनिक अभ्यासक ते मान्य करीत नाहीत. त्याचा आशय महापरिनिर्वाणसूत्रातील अनित्यतेच्या गाथेवर आधारलेला आहे. म्हणजे जपानी मूल शतकानुशतके मुळाक्षरे गिरवताना नकळत एक भारतीय विचार गिरवीत होते.

एदो कालखंडाच्या (१६०३–१८६८) उत्तरार्धात या सत्तेचाळीस अक्षरांना 'क्यो' म्हणजे राजधानी हा शब्द जोडून अठ्ठेचाळीस म्हणींचा पत्त्यांचा संच प्रचारात आला. खेळ सोपा होता. एक जण म्हण वाचतो. चटईवर चित्रांचे पत्ते मांडलेले असतात. ज्याच्या हाताला तिचे चित्र आधी लागेल त्याचा तो पत्ता. नववर्षाच्या दिवसांत घरोघरी हा खेळ रंगे. अक्षरओळख, पाठांतर आणि व्यवहारज्ञान या तिन्ही गोष्टी एकाच बैठकीत होत.

संच मात्र सर्वत्र एक नव्हता. क्योतोचा पहिला पत्ता म्हणे, 'एका इंचापुढे अंधार'. एदोचा पहिला पत्ता म्हणे, 'कुत्रा जरी हिंडला तरी काठीशी गाठ पडते'. क्योतोच्या वचनात राजधानीतल्या मठाची छाया आहे, तर एदोच्या वचनात रस्ता आहे. या काठीचा अर्थही एक नाही. हिंडणाऱ्याला फटका बसतो, हा तिचा एक अर्थ. हिंडत राहिले तर अवचित काही लाभही होतो, हा दुसरा. आज दोन्ही अर्थ प्रचलित आहेत आणि कोणता घ्यावा हे बोलणाऱ्याच्या प्रसंगावर ठरते.

एदोच्या संचातील वस्तू पाहाव्यात. फुटक्या भांड्याला सांधलेले झाकण, चांदण्या रात्री चोरीस गेलेली कढई, शिजलेला कंद, रडक्या तोंडाला डसलेली गांधीलमाशी, फुलांपेक्षा बरे वाटणारे तांदळाच्या पिठाचे लाडू. हे शोगुनचे शहर. येथे सामुराईंची वस्ती मोठी. तरीही या पत्त्यांत तलवार जवळजवळ नाहीच. ती येते ती गंजाच्या रूपाने. 'आपल्याच अंगातून निघालेला गंज' या म्हणीत 'मि' या शब्दावर श्लेष आहे, कारण त्याचा अर्थ स्वतःचे अंग असाही होतो आणि तलवारीचे पातेही. सामुराईचे प्रत्यक्ष दर्शन घडते ते क्योतोच्या पत्त्यावर. जेवला नसला तरी तो दात कोरण्याची काडी ऐटीत मिरवतो. हे कौतुक की कुचेष्टा, याचा निर्णय चित्रावरून होत नाही आणि तो न होण्यातच म्हणीची खुमारी आहे. एदोच्या त्याच अक्षराच्या पत्त्यावर मात्र एक निराळीच व्यथा आहे. पत्र धाडावेसे वाटते, पण लिहिणारा हात नाही. अक्षरे शिकवणाऱ्या खेळात निरक्षराचे हे दुःख कोणी घातले असेल, त्याला माणसांची जाण होती हे खरे.

'र'वर्गाच्या पत्त्यांनी संचकर्त्यांची खरी परीक्षा पाहिली असावी. अस्सल जपानी शब्द 'र'ने सुरू होत नाहीत. त्यामुळे या पाचही अक्षरांसाठी चिनी मार्गाने आलेल्या शब्दांचाच आधार घ्यावा लागला. वादापेक्षा पुरावा बरा, चांगले औषध तोंडाला कडू, सुखामागे दुःख, प्रामाणिक माणसाच्या घरी पोरांचे लेंढार. 'रु'चा पत्ता तर भारतीय वाचकाने हातात घेऊन पाहावा असा आहे. 'रुरी असो वा हारी, उजेड पडताच चमकते.' रुरी म्हणजे वैडूर्य आणि हारी म्हणजे स्फटिक. दोन्ही संस्कृत शब्द बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमध्ये जाऊन, झिजून, एदोच्या गल्लीतल्या मुलांच्या हाती खेळण्याच्या रूपाने आले.

या साठ्यात जाचही आहे, तो झाकण्याचे कारण नाही. 'म्हातारपणी मुलाच्या आज्ञेत राहावे' ही म्हण मुळात स्त्रीने पिता, पती व पुत्र यांच्या अधीन असावे या कन्फ्यूशियन दंडकाचा उरलेला तुकडा आहे. मनुस्मृतीशी परिचित असलेल्यांना तो लगेच ओळखू येईल. एदोच्या संचात कुष्ठरोग्याच्या हेव्यावर बेतलेली एक म्हण होती. ती अलीकडच्या बहुतेक संचांतून गळली आहे. अधोवायूसंबंधीची एक खट्याळ म्हणही अशीच पुष्कळदा बदलली जाते. त्यातली पहिली गेल्याचे दुःख नाही, दुसरीविषयी मात्र किंचित हळहळ वाटते.

याहून गंभीर हस्तक्षेप युद्धकाळात झाला. १९४३ साली सरकारी आश्रयाखालील एका बालसंस्कृती-संस्थेने 'आइकोकु इरोहा कारुता', म्हणजे देशभक्तीचा कारुता, प्रसृत केला. अक्षरे तीच, खेळ तोच. परंतु कुत्रा, कढई व लाडू यांच्या जागी राष्ट्रनिष्ठेची घोषवाक्ये आली. म्हण आणि घोषवाक्य यांतील अंतर येथे स्पष्ट होते. जुन्या संचात 'अन्याय चालू लागला की न्याय मागे सरतो' हेही वचन होते आणि 'हरणे हेच जिंकणे' हेही. ती एकमेकांना छेद देत, म्हणून घरातल्या भांडणात दोन्ही बाजूंना हाताशी एखादी म्हण असे. घोषवाक्यांच्या संचात दुसरी बाजू उरलीच नाही.

या दृष्टीने पाहता, 'वर आलेल्या खुंटावर घाव बसतो' या एकाच म्हणीवरून जपानी माणसाच्या स्वभावाचे निदान करण्याची परदेशी लेखकांची सवय उथळ वाटते. मूळ शब्द 'कुइ' म्हणजे जमिनीत रोवलेला खुंट. इंग्रजी भाषांतरांतून त्याचा खिळा झाला आणि तोच जगभर फिरला. एदोच्या अठ्ठेचाळिसांत ही म्हण नाही. शिवाय जपानी लोकांनीच तिला पुढे उत्तर जोडले आहे, ते असे की फारच वर आलेल्या खुंटावर घाव बसत नाही.

म्हणींचे अर्थ आजही हलतात. 'नासाके वा हितो नो तामे नाराझु', शब्दशः 'दया दुसऱ्यासाठी नव्हे', या म्हणीचा परंपरागत अर्थ असा की केलेली दया फिरून आपल्याकडेच येते. परंतु अनेकांना तिचा अर्थ उलटाच वाटतो. दया दाखवली तर समोरच्याचे नुकसान होते, म्हणून ती दाखवू नये. जपानच्या सांस्कृतिक कार्य विभागाने २०१० या वर्षासाठी केलेल्या भाषा-पाहणीत ४५.८ टक्के लोकांनी पहिला अर्थ सांगितला आणि ४५.७ टक्के लोकांनी दुसरा. कोशांत पहिलाच अर्थ ग्राह्य मानला जातो. बोलणाऱ्याच्या मनात दोहोंपैकी कोणता आहे, हे ऐकणाऱ्याला त्याच्या मुद्रेवरूनच ओळखावे लागते.