स्टिअरिंगवरचे गार हात

तुमच्या गाडीत चालकाशेजारच्या सीटसमोर जो खण असतो, त्याला ग्लोव्ह बॉक्स म्हणतात. आपल्याकडे त्यात पीयूसी, विम्याचे कागद आणि टोलच्या जुन्या पावत्या सापडतात. हातमोजे काही सापडत नाहीत. पण हे नाव उगाच पडलेलं नाही.

1900 च्या सुमाराची मोटार म्हणजे घोडा सोडून इंजिन जुंपलेली बग्गीच. बहुतेक गाड्यांना वर पक्कं छप्पर नसायचं आणि पुढे काचही नसायची. अगदी सुरुवातीच्या गाड्या वळवायला होडीच्या सुकाणूसारखा दांडा असे. 1894 च्या पॅरिस ते रुआं या शर्यतीत आल्फ्रेड वाशरों याच्या गाडीला दांड्याऐवजी गोल चाक होतं. पुढे सगळीकडे चाकच आलं. युरोप-अमेरिकेच्या हिवाळ्यात पायांवर जाड घोंगडी घेता येत होती, पायाशी निखाऱ्यांची किंवा गरम पाण्याची पेटी ठेवता येत होती. हात मात्र वाऱ्यात, चाकावरच ठेवावे लागत. डोरोथी लेव्हिट ही इंग्लंडमधली नावाजलेली चालक. 1909 साली तिने स्त्रियांसाठी मोटारीवर पुस्तक लिहिलं. त्यात थंडीसाठी आतून फर लावलेले मऊ कातड्याचे मोजे तिने सुचवले आणि लोकरीचे वापरू नका असं बजावलं, कारण लोकर गुळगुळीत चाकावरून घसरते. हा सल्ला मी आजही जसाच्या तसा देईन.

आता हातच आधी का गारठतात ते पाहू. तुमच्या शरीराला मेंदू, हृदय, यकृत यांचं तापमान 37 अंशांच्या आसपास राखायचं असतं. थंडी वाजू लागली की हातापायांच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि गरम रक्त आतल्या बाजूला राखलं जातं. बोटांचं आकारमान लहान आणि पृष्ठभाग मोठा, स्नायूही जवळजवळ नाहीत. म्हणजे स्वतःची उष्णता फारशी नाही. जी काही ऊब आहे ती रक्तातून आलेली. रक्त कमी झालं की बोटं भराभर गार पडतात. त्यात चाक घट्ट धरून ठेवलेलं असतं आणि ते चाकही रात्रभर गारठलेलं.

काही लोकांत हे आकसणं प्रमाणाबाहेर होतं. 1862 साली पॅरिसमध्ये मोरीस रेनो या तरुण डॉक्टरने आपल्या प्रबंधात अशा रुग्णांचं वर्णन केलं. त्यात बहुतांश स्त्रिया होत्या. गार हवा लागली की बोटं आधी खडूसारखी पांढरी, मग निळी आणि ऊब मिळाल्यावर लाल होऊन ठणकत. रेनोचं म्हणणं होतं की दोष मज्जासंस्थेत आहे. जवळपास 70 वर्षांनी लंडनचे सर थॉमस लुईस म्हणाले, दोष बोटातल्या रक्तवाहिनीतच आहे. हा वाद पुढे बराच चालला आणि आज दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे असं मानतात.

या लुईसचं आणखी एक काम तुम्ही स्वतः अनुभवलं असेल. 1930 साली त्याने दाखवलं की बोट बर्फाच्या पाण्यात बुडवलं तर आधी ते गार होत जातं, पण पाच-दहा मिनिटांत अचानक रक्तवाहिन्या उघडतात, बोट गरम होतं, पुन्हा गार होतं, आणि हे चक्र चालू राहतं. जणू शरीर मधूनमधून बोटांची विचारपूस करतं. मात्र आतून शरीरच गारठलेलं असेल तर ही विचारपूसही कमी होते.

पुढच्याच वर्षी लुईस आणि जॉर्ज पिकरिंग यांनी दाखवलं की बाकीचं शरीर गरम केलं की हातापायांच्या रक्तवाहिन्या आपोआप उघडतात. 1932 साली फिलाडेल्फियात जॉन गिबन आणि युजीन लँडिस यांनी लोकांचे हात कोमट पाण्यात ठेवले आणि पायांतला रक्तप्रवाह वाढलेला नोंदवला. गरम झालेलं रक्त आत फिरतं, मेंदूला कळतं की आता काटकसर नको, आणि दूरची दारं उघडली जातात. (हाच गिबन पुढे 1953 साली हार्ट-लंग मशीन वापरून हृदयाची शस्त्रक्रिया यशस्वी करणार होता.)

डॉक्टर हे शिकत होते त्याच काळात मोटारवाले इंजिनाची उष्णता आत आणायच्या मागे होते. गाडीत उष्णता फुकट मिळते ती इंजिनातून निघणाऱ्या जळक्या धुराची. म्हणून हा धूर वाहून नेणारा पाइप काही गाड्यांत बसायच्या जागेखालून फिरवला गेला. 1920 च्या दशकाच्या शेवटी फोर्डच्या मॉडेल ए गाडीत धुराच्या तापलेल्या पाइपावरून हवा नेऊन ती आत सोडणारा हीटर मिळू लागला. सांधा पक्का असेपर्यंत ठीक. पत्रा गंजला किंवा सांधा उघडला की ऊब देणाऱ्या हवेबरोबर कार्बन मोनॉक्साइडही आत यायचा.

हा वायू किती वाईट, ते डॉक्टरांना तोवर चांगलं ठाऊक होतं. फ्रान्सच्या क्लोद बेर्नार याने 1850 च्या दशकातच दाखवलं होतं की तो रक्तात ऑक्सिजनची जागा बळकावतो. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. 1920 च्या दशकात येल विद्यापीठाचे यँडेल हेंडरसन आणि हॉवर्ड हॅगर्ड यांनी मोटारीच्या धुराचा रस्त्यांवर आणि बंद गॅरेजांत होणारा परिणाम तपासला. न्यूयॉर्कच्या हॉलंड बोगद्याची हवा किती खेळती हवी, हेही त्यांच्या प्रयोगांवरून ठरलं. तो बोगदा 1927 साली खुला झाला.

1938 साली नॅश कंपनीने बाहेरची हवा गाळून, इंजिन थंड ठेवणाऱ्या गरम पाण्यावर तापवून आत सोडायची व्यवस्था आणली. आज पेट्रोल-डिझेल गाड्यांचा हीटर गरम पाण्याच्या याच तत्त्वावर चालतो. फोक्सवॅगन बीटलला मात्र ते जमणं शक्य नव्हतं. तिचं इंजिन हवेने थंड होई, पाणीच नव्हतं, त्यामुळे अखेरपर्यंत धुराच्या पाइपाभोवतीचीच ऊब वापरली गेली. जुनी बीटल हौसेने सांभाळणाऱ्यांनी ही बाजू दरवर्षी तपासून घ्यावी.

हे सगळं इतकं सविस्तर सांगतोय, कारण धोका संपलेला नाही. तुमची मुलं कॅनडा-अमेरिकेत असतील तर त्यांना जरूर सांगा: सकाळी गाडी गरम व्हावी म्हणून बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही, गॅरेजचं दार उघडं असलं तरी नाही. मागचा सायलेन्सर बर्फाने बुजलेला नाही ना, ते आधी पाहायचं. नव्या गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो खरा, पण तो तापल्याशिवाय काम करत नाही, आणि थंडीत नुकतंच सुरू केलेलं इंजिन सगळ्यात जास्त विषारी धूर सोडतं. या वायूला वास नाही. डोकं दुखणं, चक्कर, मळमळ अशी लक्षणं दिसली तर आधी मोकळ्या हवेत या, आणि लगेच डॉक्टरकडे जा.

मग हात गरम कसे ठेवायचे? 1990 च्या दशकात टोरोंटोतल्या लष्करी संशोधकांनी स्वयंसेवकांना उणे 25 अंशांत तीन तास बसवलं. अंगात विजेवर तापणारं जाकीट, हात मात्र उघडे. तरी बोटं ऊबदार राहिली. म्हणून घरातून निघण्यापूर्वीच स्वेटर-जाकीट घाला, कान आणि मान झाका, गाडीत बसल्यावर कुडकुडायला लागून मग नव्हे. नाशिक-महाबळेश्वरच्या डिसेंबरात पहाटे दुचाकी चालवणाऱ्यांनाही हेच लागू. हातमोजे हवेतच, पण पातळ शर्टावर महागडे हातमोजे घातले तर उपयोग बेताचा. सिगारेट रक्तवाहिन्या आकसवते, तेव्हा "ऊब यावी म्हणून एक" हा हिशोब उलटा आहे.

ब्लड प्रेशरसाठी किंवा धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल, अ‍ॅटेनोलॉल यांसारख्या बीटा ब्लॉकर गोळ्या चालू असतील तर हात गार पडणं हा त्यांचा ओळखीचा परिणाम आहे. गोळी मनाने बंद करू नका, ते धोक्याचं ठरू शकतं. डॉक्टरांना सांगा, बहुतेकदा पर्याय असतो. बोटं पांढरी-निळी होत असतील आणि हा त्रास तिशीनंतर पहिल्यांदा सुरू झाला असेल, एकाच हाताला असेल, बोटांच्या टोकांना जखमा होत असतील किंवा कातडी ताठ होऊ लागली असेल, तर तपासणी करून घ्या. त्यामागे स्क्लेरोडर्मा किंवा ल्युपससारखा आजार असू शकतो. नुसत्या रेनोवर मात्र साध्या काळजीने भागतं, आणि लागलाच तर निफेडिपिनसारख्या औषधाचा गुण येतो.

तापणारं स्टिअरिंग आता बऱ्याच गाड्यांत येतं, आणि इलेक्ट्रिक गाड्यांत त्याला नवं महत्त्व आलं आहे. तिथे इंजिनाची फुकटची उष्णता नाही. आतली सगळी हवा तापवायची तर बॅटरी लवकर उतरते, चाक आणि सीट तापवायला त्या मानाने फार कमी वीज लागते. रेनोच्या रुग्णांना मी ते घ्या म्हणतो, मात्र सीटचं बटण आधी दाबा आणि चाकाचं नंतर.