ब्राझीलचा राष्ट्रध्वज

हिरव्या आयतावर पिवळा समभुज चौकोन, त्यात निळे वर्तुळ, वर्तुळात २७ पांढरे तारे आणि वर्तुळावरून गेलेला, बोधवाक्य धारण करणारा वक्र पांढरा पट्टा असे या ध्वजाचे रूप आहे. उंची व लांबी यांचे प्रमाण ७:१०. स्वीकार १९ नोव्हेंबर १८८९.

हिरवा रंग अरण्यांचा आणि पिवळा सोन्याचा, हा अर्थ ब्राझीलमध्ये मुलांना शिकवला जातो; पण तो मागाहून जोडलेला आहे. १८२२ मध्ये पोर्तुगालपासून वेगळे झाल्यावर सम्राट पहिला पेद्रू याच्या साम्राज्यासाठी झां-बातिस्त दब्रे या फ्रेंच चित्रकाराने ध्वज आखला. त्यातला हिरवा रंग पेद्रूच्या ब्रागान्सा घराण्याचा, तर पिवळा सम्राज्ञी लिओपोल्दिना हिच्या हाब्सबर्ग घराण्याचा होता. मधोमध राजचिन्ह होते आणि त्याच्या दोन बाजूंना कॉफी व तंबाखूच्या फांद्या.

१५ नोव्हेंबर १८८९ रोजी राजसत्ता संपली. पुढचे चार दिवस अमेरिकेच्या ध्वजाच्या धर्तीवरचा, हिरव्या-पिवळ्या १३ पट्ट्यांचा तात्पुरता ध्वज फडकला. ही नक्कल टिकली नाही. रायमुंदु तेशेरा मेंदिस व मिगेल लेमुस या, फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्यूस्त काँतच्या अनुयायांनी नवा ध्वज सुचवला, मानुएल पेरेरा रेइस या खगोलशास्त्रज्ञाने ताऱ्यांबाबत साहाय्य केले आणि देसियु विलारिस या चित्रकाराने तो रेखाटला. साम्राज्याच्या ध्वजातले हिरवे क्षेत्र व पिवळा चौकोन त्यांनी तसेच ठेवले आणि राजचिन्हाच्या जागी आकाश आणले. राजाला घालवून देणाऱ्या प्रजासत्ताकाच्या ध्वजावर राजघराण्यांचे रंग त्यामुळे आजही आहेत.

हे आकाश प्रजासत्ताक घोषित झाले त्या दिवशी सकाळी साडेआठ वाजताचे, रिओ दि जानेरोवरचे आहे. सूर्यप्रकाशात ते कोणाला दिसले नव्हते. ते गणिताने मांडलेले आहे. शिवाय खगोलाच्या बाहेरून पाहावे तसे ते काढलेले असल्याने डावे-उजवे उलटले आहे. त्रिशंकूचा (सदर्न क्रॉस) पाचवा, लहान तारा आकाशात उभ्या दांड्याच्या उजवीकडे दिसतो. ध्वजावर तो डावीकडे आहे. एप्रिल-मे महिन्यांत महाराष्ट्रातून दक्षिण क्षितिजाजवळ त्रिशंकू दिसतो, तेव्हा हा फरक कोणालाही पडताळून पाहता येईल.

एक सोडून प्रत्येक तारा एका राज्याचा. त्रिशंकूत पाच राज्ये, वृश्चिकात आठ, दक्षिण त्रिकोणात तीन. व्याध मातु ग्रोसूचा, अगस्त्य गोयासचा, प्रश्वा आमाझोनासचा. पट्ट्याच्या वर एकटी चित्रा आहे, ती पाराची. पट्टा म्हणजे खगोलीय विषुववृत्त, हा समज मात्र चुकीचा आहे: चित्रा त्या वृत्ताच्या दक्षिणेला असून पट्ट्याच्या वर आहे आणि प्रश्वा उत्तरेला असून खाली. संघीय राजधानी-जिल्ह्यासाठी सिग्मा ऑक्टँटिस हा अगदी मंद तारा निवडला आहे. तो दक्षिण ध्रुवबिंदूजवळ असल्याने इतर सारे तारे त्याच्याभोवती फिरतात. राजधानीसाठी तेजापेक्षा स्थान महत्त्वाचे मानणारी ही निवड संपूर्ण ध्वजातील सर्वांत विचारपूर्वक केलेली आहे.

तारे मूळचे २१. राज्यांबरोबर ते वाढत १९९२ मध्ये २७ झाले. ग्वानाबारा राज्य १९७५ मध्ये रिओ दि जानेरोत विलीन झाले, तेव्हा मागे राहिलेला वासुकीतला तारा पुढे मातु ग्रोसू दु सुल या नव्या राज्याला मिळाला.

पट्ट्यावर हिरव्या अक्षरांत ‘ऑर्देम ई प्रोग्रेसू’ (सुव्यवस्था आणि प्रगती) हे शब्द आहेत. काँतच्या मूळ सूत्रात प्रेम हे तत्त्व, सुव्यवस्था हा पाया आणि प्रगती हे साध्य होते. ध्वजावर येताना प्रेम गळाले आणि सूत्राचा आरंभच गेला. ‘प्रेम’ हा शब्द जोडावा असे प्रस्ताव ब्राझीलच्या संसदेत मांडले गेले आहेत, पण बोधवाक्य बदललेले नाही.

ध्वजाविषयीचे सध्याचे नियम १९७१ च्या कायद्यात आहेत. त्यानुसार जीर्ण झालेला ध्वज लष्करी ठाण्याकडे सुपूर्द करायचा असतो आणि १९ नोव्हेंबर या ध्वजदिनी तो समारंभपूर्वक जाळला जातो.