एका आडनावाचे क्रियापद

आपले नाव मागे राहावे म्हणून कोणी देऊळ बांधतो, कोणी धर्मशाळा. पण जिवंतपणीच, मनाविरुद्ध, ज्याचे आडनाव क्रियापद होऊन बसले असा गृहस्थ विरळाच. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा तो गृहस्थ.

हा इंग्रज आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. 1879 साली पीक बुडाले. पुढच्या वर्षी कुळांनी खंडात चतुर्थांश सूट मागितली; जमीनदाराने दहावा हिस्सा देऊ केला. सप्टेंबर 1880 मध्ये बॉयकॉटने जमिनी सोडण्याच्या नोटिसा बजावायला माणूस धाडला, तेव्हा बायकांनीच त्याला चिखल-दगड मारून पिटाळले.

त्याच महिन्यात आयरिश पुढारी पार्नेल याने एनिस येथील सभेत निराळाच उपाय सांगितला होता. हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल, त्याला मारू नका. पण रस्त्यात, दुकानात, बाजारात, प्रार्थनामंदिरातसुद्धा त्याच्याशी बोलू नका! मेयोच्या लोकांनी हा उपाय कारभाऱ्यावरच चालवला. गडीमाणसे निघून गेली. लोहार नाल ठोकीना, धोबीण कपडे घेईना, दुकानदार जिन्नस देईना. शेतात पीक उभे आणि काढायला हात नाही! अखेर उत्तरेकडून पन्नास मजूर आले आणि त्यांच्या रक्षणाला सुमारे हजार शिपाई. पाचशे पौंडांचे पीक घरात आणायला दहा हजार पौंड लागले, असे म्हणतात. 27 नोव्हेंबरला बॉयकॉटने ते घर सोडले.

शब्दाच्या जन्माची हकिकत जेम्स रेडपाथ या अमेरिकन वार्ताहराने लिहून ठेवली आहे. या प्रकाराला नाव काय द्यावे? इंग्रजीत 'ऑस्ट्रसाइज' हा शब्द होता. प्राचीन अथेन्समध्ये ज्याला हद्दपार करायचे त्याचे नाव नागरिक खापरीवर कोरीत; त्या खापरीवरून तो आला. पण शेतकऱ्यांना तो कळणार कसा? तेव्हा गावचे पाद्री ओमॅली म्हणाले की, सरळ 'बॉयकॉट करणे' म्हणावे. काही आठवड्यांत तो शब्द लंडनच्या वर्तमानपत्रांत झळकला आणि पुढे फ्रेंच-जर्मन भाषांतही शिरला.

आपल्याकडे 1905 च्या वंगभंगानंतर हेच शस्त्र विलायती मालावर चालले. लोकमान्यांनी स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षण यांच्या पंक्तीला 'बहिष्कार' बसवला. मुलांना हा धडा शिकवताना मला अभिमान वाटतो. पण तेथेच थांबलो तर तो धडा अर्धाच राहील. कारण वाळीत टाकण्याची विद्या आपल्याला कोणा आयरिश माणसाने शिकवलेली नाही. पाणवठा बंद, वाण्याचे दुकान बंद, लग्नकार्याचे बोलावणे बंद, हे आपल्या गावांना फार जुने ठाऊक. 1927 साली डॉ. आंबेडकरांनी आपल्या पत्राला 'बहिष्कृत भारत' हे नाव दिले, ते उगीच नव्हे. आणि सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवणारा कायदा महाराष्ट्राच्या विधिमंडळाला अगदी अलीकडे, 2016 साली, करावा लागला.

शस्त्र एकच, पण ते कोणी कोणावर उचलले, यावर त्याचा धर्म ठरतो. मेयोत दुबळ्यांनी ते सबळावर उचलले होते. शिवाय बॉयकॉटला निघून जायला इंग्लंड होते. गावाने वाळीत टाकलेल्या गरिबाने मात्र जायचे कोठे?