स्वतःची लॉरी : सगळा खर्च वजा जाता हातात काय उरते?



यूकेमध्ये लॉरीचालकाचा पगार बरा मिळतो हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे. २०२१ मध्ये चालकांचा तुटवडा पडला तेव्हा पगार आणखी वाढले. त्यामुळे "दुसऱ्याची गाडी चालवण्यापेक्षा स्वतःचीच का घेऊ नये?" हा विचार मनात येणे साहजिक आहे. असा विचार करणाऱ्यांसाठी ही थोडक्यात माहिती.

सुरुवातीला काय लागते?

- लायसन : भारतातले हेवी लायसन इथे बदलून मिळत नाही. इथले प्रोव्हिजनल, वैद्यकीय तपासणी आणि परीक्षा हे सगळे नव्याने करावे लागते. ट्रेलरच्या गाडीसाठी 'सी प्लस ई' वर्ग लागतो. शिवाय ड्रायव्हर सीपीसी हवे आणि त्यासाठी दर ५ वर्षांत ३५ तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते.
- ऑपरेटर लायसन : ३.५ टनांवरील गाडीने भाड्याचा माल न्यायचा तर ट्रॅफिक कमिशनरकडून 'स्टँडर्ड' लायसन घ्यावे लागते. 'रिस्ट्रिक्टेड' लायसनवर फक्त स्वतःच्या धंद्याचा माल नेता येतो. अर्जाची जाहिरात स्थानिक वर्तमानपत्रात द्यावी लागते, गाडी उभी करायला मंजूर जागा दाखवावी लागते आणि पात्र ट्रान्सपोर्ट मॅनेजर नेमावा लागतो. ती परीक्षा स्वतः दिली तर तो खर्च वाचतो.
- भांडवल : पहिल्या गाडीसाठी ८,००० पौंड आणि पुढच्या प्रत्येक गाडीसाठी ४,५०० पौंड उपलब्ध असल्याचे दाखवावे लागते. हे पैसे कायम हाताशी हवेत, गाडीच्या डिपॉझिटमध्ये घालून चालत नाही.
- व्हिसा : वर्क व्हिसावर असणाऱ्यांनी स्वतःचा धंदा करण्याची मुभा आहे का, हे सर्वांत आधी तपासावे.

वर्षाचा हिशेब

पुढील आकडे फक्त उदाहरणासाठी धरले आहेत. आपापल्या कोटेशनप्रमाणे ते बदलून पाहावेत. गाडीचा पुढचा भाग आपला आणि ट्रेलर काम देणाऱ्या कंपनीचा, वर्षाला ७०,००० मैल आणि गॅलनला ८ मैल असे समजू. सर्व रकमा व्हॅट वगळून आहेत.

- डिझेल (सुमारे ३९,८०० लिटर, १.२० पौंड दराने) : ४७,७००
- गाडीचा हप्ता (महिना १,८००) : २१,६००
- दुरुस्ती, टायर, ठरावीक तपासण्या : १०,०००
- विमा : ६,०००
- रोड टॅक्स, लेव्ही, पार्किंग, लायसन, अकाउंटंट : ६,२००
- एकूण खर्च : ९१,५०० पौंड

आता जमा पाहू. ब्रिटनमध्ये लॉऱ्यांच्या एकूण धावेपैकी साधारण ३० टक्के धाव रिकामी होते. म्हणजे आपल्या ७०,००० मैलांपैकी ४९,००० मैलच भरलेले. भरलेल्या मैलाला २.४० पौंड भाडे धरले तर जमा १,१७,६०० पौंड. खर्च वजा जाता उरले २६,१०० पौंड.

हा नफा झाला का? नाही! तुम्ही वर्षभर गाडी चालवलीत, त्याचा पगार अजून धरलेलाच नाही. हेच काम नोकरीत करून समजा ३८,००० पौंड मिळाले असते, तर इथे ११,९०० पौंडांचा तोटा आहे. शिवाय नोकरीत पगारी रजा असते, पेन्शनमध्ये मालकाचा वाटा असतो. आपण सुट्टीवर गेलो तरी हप्ता चालूच राहतो. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला, त्यातला हा प्रकार.

मग फायदा कोणाला होतो?

ज्याला परतीचे भाडे मिळते त्याला. वरच्याच उदाहरणात रिकामी धाव ३० ऐवजी १५ टक्क्यांवर आणली, तर भरलेले मैल ५९,५०० आणि जमा १,४२,८०० पौंड होते. भरलेल्या गाडीला डिझेल थोडे जास्त लागते, ते सोडले तर उरतात ५१,३०० पौंड. आपला ३८,००० पगार काढूनही सुमारे १३,००० पौंड नफा! न्हावा शेवाच्या कंटेनर गाड्या असोत की फेलिक्सस्टोच्या, परतीचे भाडे कुठून मिळणार याचे उत्तर गाडी घेण्याआधीच हातात हवे.

जास्त तास चालवून ही तूट भरून काढता येत नाही. गाडी चालवण्याची मर्यादा दिवसाला ९ तास (आठवड्यातून दोनदा १०), आठवड्याला ५६ आणि दोन आठवड्यांत मिळून ९० तास अशी आहे. टॅकोग्राफमध्ये सगळी नोंद राहते.

डिझेल आणि उधारी

मार्च २०२२ मध्ये डिझेलवरील ड्यूटी लिटरला ५७.९५ वरून ५२.९५ पेन्स झाली. त्या दरानेही वरच्या उदाहरणात सुमारे २१,००० पौंड ड्यूटीतच जातात. व्हॅट परत मिळतो, ड्यूटी मिळत नाही. सप्टेंबर २००० मध्ये वाहतूकदार आणि शेतकरी तेल डेपोंसमोर ठाण मांडून बसले होते ते याच कारणासाठी. म्हणून डिझेल वाढले की भाडेही वाढेल, असे कलम करारात घालून घ्यावे.

दुसरी अडचण उधारीची. डिझेलचे बिल आठवड्याला येते, पण भाड्याचे पैसे ३० ते ६० दिवसांनी. कागदावर नफा असूनही खाते रिकामे होते ते इथेच. १९९८ च्या कायद्याप्रमाणे उशिरा आलेल्या पैशांवर बेस रेटपेक्षा ८ टक्के जास्त व्याज मागता येते. मात्र एकाच गिऱ्हाइकावर धंदा अवलंबून असेल तर मागायला जीभ रेटत नाही, म्हणून निदान दोन-तीन ठिकाणची कामे असावीत.

सही करण्यापूर्वी

१. निदान वर्षभराच्या कामाचे लेखी आश्वासन आहे का?
२. भाडे भरलेल्या मैलाचे की जाऊन-येऊन?
३. स्वतःचा पगार खर्चात धरला आहे का?
४. तीन महिन्यांचे डिझेल आणि हप्ते भरता येतील एवढी शिल्लक आहे का?
५. इंजिन बिघडून गाडी दोन आठवडे उभी राहिली तर काय?

पाचही उत्तरे समाधानकारक असतील तर जरूर पुढे जा. एक जरी अडखळले, तरी वर्षभर पगारावर गाडी चालवून मार्ग आणि गिऱ्हाइके ओळखून घ्यावीत. त्या वर्षात पगारही मिळतो आणि धंदाही कळतो.

धंदा करणाऱ्या सर्वांना मनःपूर्वक शुभेच्छा!