उभा रस्ता, आडवी वाट

मुंबईहून अहमदाबाद महामार्गाने निघाल्यावर वसईची खाडी ओलांडली, की पुढे लागणारी नावे जरा लक्ष देऊन वाचावीत. शिरसाड फाटा, वरई फाटा, मस्तान नाका, चिल्हार फाटा, चारोटी नाका. ही नावे गावांची नाहीत, वळणांची आहेत. चिल्हार फाट्यावर उतरणाऱ्या बहुतेकांना चिल्हारला जायचेच नसते. त्यांना गाठायचे असते ते पश्चिमेला साधारण वीस किलोमीटरवर असलेले बोईसर. मनोरहून पालघरही जवळपास तेवढेच दूर, आणि मध्ये वाघोबाची खिंड. डहाणूला जाणाऱ्याने चारोटीला वळायचे. तलासरीसारखा अपवाद सोडला आणि अलीकडे वसई-विरारची वस्ती पूर्वेकडे सरकत महामार्गाला भिडली आहे हे लक्षात घेतले, तरी एवढे खरे की हा रस्ता सबंध जिल्हा दक्षिणोत्तर उभा कापत जातो आणि जिल्ह्याच्या जुन्या शहरांपैकी जवळजवळ कोणालाही स्पर्श करीत नाही. 'फाटा' हा शब्द मूळचा झाडाच्या फांदीचा. खोड कुणाचे आणि फांदी कुणाची, हा या रस्त्याच्या इतिहासातला खरा प्रश्न आहे.

या प्रदेशाची जुनी विभागणी स्थानिक बोलण्यात अजून टिकून आहे : बंदरपट्टी आणि जंगलपट्टी. पश्चिमेला माहीम, केळवे, तारापूर, डहाणू ही खाड्यांच्या मुखाशी वसलेली गावे. पूर्वेला जव्हार-मोखाड्याचे डोंगर. वैतरणा आणि सूर्या डोंगरातून समुद्राकडे येतात, आणि माणसेही शतकानुशतके त्याच दिशेने ये-जा करीत आली. मीठ आणि सुकी मासळी वर जाई, लाकूड आणि गवत खाली येई. आजच्या महामार्गावरून प्रवास करताना मस्तान नाक्याच्या पुढे अशेरीचा किल्ला दिसतो. समुद्रावर राज्य करणाऱ्या पोर्तुगिजांना इतक्या आत, डोंगरावर, काय हवे होते? त्यांना भोवतालच्या रानातले साग हवे होते. ते खाली नेऊन त्यांची जहाजे बांधायची होती. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३९ साली तारापूर आणि वसई पडली आणि पोर्तुगिजांची ही सत्ता संपली. वाटांची दिशा मात्र तीच, पूर्व-पश्चिम, राहिली.

पहिली उभी रेघ ओढली ती रेल्वेने. १८६४ साली गुजरातकडून येणारी बी. बी. अँड सी. आय. रेल्वे मुंबईला पोचली आणि बंदरपट्टी व जंगलपट्टी यांच्या मध्ये लोखंडाची एक सीमा पडली. आता पूर्वेकडचे गवत समुद्राकडे न जाता स्टेशनाकडे जाऊ लागले. गाठी बांधून मुंबईच्या तबेल्यांकडे. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हा भाग गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो'मुळे परिचित आहे. १९४५च्या वारली उठावाच्या मागण्यांमध्ये वेठबिगार बंद करण्याबरोबरच पाचशे पौंड गवताच्या कापणीला अडीच रुपये मजुरी मिळावी, ही मागणी होती. मागणीचा आकडा पौंडांत का, असे सहज वाटून जाते. ज्या बाजारासाठी हे गवत कापले जाई, त्याचेच ते माप होते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तलवाड्याच्या गोळीबारात पाच जण मारले गेले. त्या पुस्तकातला प्रवास, मला नेहमी वाटते, नकाशा पुढे ठेवून वाचण्यासारखा आहे : तो बहुतांशी पायी आहे, पाड्यापाड्यांतून आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९५०च्या दशकात बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, तोही किनाऱ्याकडून आत वळलेला प्रवास. मुले गुरांमागे कुरणात, म्हणून शाळाही कुरणात. असो.

दुसरी उभी रेघ महामार्गाची. राष्ट्रीय महामार्गांचा कायदा १९५६चा. दिल्ली-मुंबई मार्गाला आठ हा क्रमांक मिळाला. २०१०च्या फेररचनेत त्याचा अठ्ठेचाळीस झाला, पण लोकांच्या तोंडी तो अजून 'अहमदाबाद हायवे'च आहे. १९६०मध्ये राज्ये वेगळी झाली, उंबरगाव गुजरातेत गेले, आणि अच्छाडजवळ या रस्त्यावर राज्याची हद्द आली. रस्त्यालगत दापचरीला मुंबईतल्या म्हशींचे तबेले हलवण्यासाठी दुग्धप्रकल्प उभा राहिला. आधी गवत शहराकडे जात होते; आता शहराची गुरे गवताकडे निघाली.

तारापूरची गोष्ट थोडी निराळी. १९६९ साली तेथे देशातले पहिले अणुवीजकेंद्र सुरू झाले; पुढे औद्योगिक वसाहत आली. वसाहतीने तारापूरचे नाव घेतले, पण ती वाढली बोईसरच्या भोवती. रसायने, औषधे, कापड, पोलाद. या कारखान्यांच्या मालाला रेल्वे पुरेना. त्यांना महामार्ग हवा होता. बोईसर-चिल्हार हा आडवा रस्ता पुढे चौपदरी झाला, तो त्यांच्या टँकरांसाठी आणि ट्रेलरांसाठी. ज्या वाटेने डोंगरातली माणसे किनाऱ्याकडे येत, त्या वाटांपैकी एकीला असे भाग्य लाभले. जव्हारहून येणाऱ्या रुग्णाला त्याचा उपयोग होत नाही असे नाही. पण तो उपयोग आनुषंगिक.

२००९पासून दहिसर ते सुरत या टप्प्यावर सहापदरीकरणाचा करार अमलात आला; खानिवडे आणि चारोटी येथे टोल बसले. वेग वाढला, आणि रस्ता ओलांडणे ही एक स्वतंत्र क्रिया झाली. सोमटा, नांदगाव, मेंढवण या भागांत पाडा एका बाजूला आणि शेत, विहीर किंवा शाळा दुसऱ्या बाजूला, असे दृश्य जागोजागी आहे. रस्ता दुपदरी होता तेव्हा तो गावातला एक अडथळा होता. सहापदरी झाल्यावर ती नदी झाली, फक्त तिला उतार नाही. भुयारी मार्ग असतो तो एक-दोन किलोमीटरवर. डोक्यावर मोळी घेतलेली बाई तिथवर चालत जात नाही. ती दुभाजकापाशी थांबते, मोळी पलीकडे टाकते, मग स्वतः चढते. संध्याकाळी सहाच्या सुमारास हे पाहिलेल्या माणसाला 'ओलांडणे' या क्रियापदाचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही.

४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री आणि त्यांचे एक सहप्रवासी अपघातात मरण पावले. त्यानंतर काही आठवडे या रस्त्याच्या रचनेची, पुलापाशी अरुंद होणाऱ्या मार्गिकांची देशभर चर्चा झाली. चर्चा योग्यच होती. परंतु तीत गाडीतली माणसे होती, रस्ता ओलांडणारी नव्हती. पुढे घोडबंदरजवळचा नवा वर्सोवा पूल २०२३मध्ये खुला झाला. त्यानंतर रस्त्याचे काँक्रिटीकरण निघाले आणि २०२४मध्ये तासन्‌तास कोंडी झाली, तिच्या बातम्याही शहराकडच्या टोकावरूनच लिहिल्या गेल्या.

पालघर १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा जिल्हा झाला. त्यानंतर आणखी दोन उभ्या रेघा आल्या : बोईसर आणि विरार ही स्थानके असलेला बुलेट ट्रेनचा मार्ग, आणि दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गाचा बडोद्याहून येणारा भाग. भूसंपादनाच्या वेळी अनेक ग्रामसभांनी पेसा कायद्याचा आधार घेऊन बुलेट ट्रेनविरुद्ध ठराव केले. ठरावांची भाषा सरकारी मराठीत असते, पण त्यांतला प्रश्न साधा होता : ही गाडी आमच्याकडे थांबणार का? द्रुतगती मार्गाबाबत उत्तर त्याच्या रचनेतच आहे. तो बंदिस्त आहे. त्यावर ठरावीक ठिकाणीच चढता-उतरता येते. त्याला फाटे नाहीत. चहाची टपरी, पंक्चरवाला, जांभळाच्या आणि ताडगोळ्यांच्या टोपल्या घेऊन बसणाऱ्या बायका, वडापच्या जीपगाड्या : जुन्या महामार्गाने नकळत देऊ केलेली ही सगळी वस्ती नव्या मार्गाच्या आराखड्यात जागा मागू शकत नाही.

एक नवी आडवी रेघही आता आखली गेली आहे. वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४मध्ये मंजुरी दिली, आणि बंदरापासून तव्यापर्यंत सुमारे ३२ किलोमीटरचा रस्ता त्याच योजनेत आहे. समुद्रापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत, अगदी जुन्या वाटेच्या दिशेने, कंटेनरांसाठी.

चारोटीच्या पुढे विवळवेढ्याला महालक्ष्मीचे देऊळ महामार्गालगतच आहे. चैत्री पौर्णिमेपासून तिथे पंधरा दिवस यात्रा भरते. बंदरपट्टीतून आणि जंगलपट्टीतून माणसे येतात, पुष्कळशी अजून चालत. त्या दिवसांत गुजरातकडे जाणाऱ्या ट्रकांना देवळाच्या आसपास वेग कमी करावा लागतो, आणि लेकरे खांद्यावर घेतलेली माणसे रांगेने सहाही मार्गिका ओलांडून जातात.