वैद्यकीय नोंदणीक्रमांक : प्रयोजन आणि मर्यादा

वैद्याची ओळख नावावरून पटणे गावापुरते पुरेसे होते. राज्यकारभारास ते पुरेसे ठरले नाही. मुंबई इलाख्यात १९१२ च्या कायद्याने वैद्यकव्यावसायिकांची नोंदवही सुरू झाली. हिंगोली त्या वेळी निजामाच्या राज्यात असल्याने त्या कायद्याच्या कक्षेबाहेर होती. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६५ च्या महाराष्ट्र वैद्यक परिषद कायद्याने आधुनिक वैद्यकाची नोंदणी राज्यभर एका सूत्रात बांधली. २०२१ च्या आयुष्मान भारत डिजिटल मोहिमेने आधुनिक वैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी यांच्या भिन्न नोंदवह्यांवर देशव्यापी क्रमांकाची योजना उभारली.

उर्दू, मराठी व इंग्रजी दप्तरांत एकाच नावाची रूपे पालटतात. क्रमांक मात्र लिपी पालटली तरी तोच राहतो. हे त्याचे सामर्थ्य होय, आणि मर्यादाही येथेच आहे. विशेषनामाप्रमाणे क्रमांक व्यक्तीचा निर्देश करतो, वर्णन करीत नाही. अर्हतेची ग्वाही नोंदवही देते; कौशल्याची ग्वाही तीही देत नाही. वैद्य गाव सोडून गेला व नोंद जुनीच राहिली, तर अचूक क्रमांकही रुग्णास रिकाम्या खुर्चीपाशी नेऊन सोडतो. म्हणून क्रमांकाचे मोल त्यामागील नोंदवही जितकी अद्ययावत, तितकेच मानावे लागते.